डावी कड

मेलेले गेम जिवंत करायचे, हे त्याचं काम; म्हणून ऑफिसात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. जुन्या, डबा झालेल्या यंत्रावरचा एखादा गेम घ्यायचा, त्याची चित्रं घासूनपुसून लख्ख करायची, आवाज सुधारायचा आणि नव्या कन्सोलवर त्याला पळता करायचा. यात भुताखेतांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरही तेच म्हणाला असता. अंधाराला घाबरणारा माणूसच नव्हता तो. उलट घरात उगाच दिवा जळताना दिसला, की त्याचं डोकं फिरायचं.

त्या वर्षी त्याच्या टेबलावर 'कंदिल्या' आला. या गेमने किती पोरांचा अभ्यास बुडवला असेल, कोण जाणे! खेळ तसा साधाच. कंदिल्या नावाचा एक बुटका माणूस, हातात कंदील. अंधाऱ्या गावातून डावीकडून उजवीकडे धावायचं, खड्ड्यांवरून, समोरून येणाऱ्या प्राण्यांवरून टुणकन उडी मारायची आणि वाटेतला एकेक दिवा लावत जायचं. बस्स. फक्त मागे जायची सोय नव्हती. कंदिल्या पुढे सरकला, की पडद्याची डावी कडही त्याच्या पाठोपाठ सरकायची. एखादा दिवा राहिला म्हणून परत फिरावं, तर बिचारा त्या कडेवर नाक आपटून जागच्या जागी पाय झाडत बसायचा. लोकांनी वर्षानुवर्षं त्या डाव्या कडेच्या नावाने खडे फोडले होते.

"या वेळी मागे जाता आलंच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. कंपनी त्यांचीच. "नवं मशीन, एवढा रुंद पडदा, आणि आपला नायक मागे वळू शकत नाही? हसतील लोक."

"एवढंच ना? चहा गार व्हायच्या आत करतो," डॉक्टर म्हणाला.

आणि केलंही. जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या कडेवर भिंत उभी करणारी एकच ओळ होती. तिच्या शेजारी लिहिणाऱ्याने टीप ठेवली होती, 'काढू नये.' आता, जुन्या प्रोग्रॅमर लोकांना अशा टिपा ठेवायची खोडच असते. का काढू नये, ते एकही बाबा लिहीत नाही. डॉक्टरने ओळ काढली, गेम सुरू केला, दिवे लावत लावत बराच पुढे गेला आणि मग कंदिल्याचं तोंड डावीकडे वळवलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कंदिल्या मागे चालू लागला. टप, टप, टप. डॉक्टरला मोठी गंमत वाटली. मग त्याचं बोट बटणावरच थांबलं. आत्ताच लावत आलेले दिवे विझलेले होते. एकूण एक.

त्याने सगळा प्रोग्रॅम पिंजून काढला. दिवा लावणाऱ्या ओळी होत्या, विझवणारी एकही नव्हती. या गेममध्ये लागलेला दिवा विझूच शकत नव्हता. त्यात आणखी एक चमत्कारिक प्रकार. कंदिल्या थांबला तरी टप टप आवाज थोडा वेळ चालू राहायचा आणि मग भानावर आल्यासारखा थांबायचा. खोलीत कसला तरी वास येत होता. जळकट, तेलकट, कंदिलाची वात विझल्यावर येतो तसा. "जुन्या मशीनचं काहीतरी तापलंय," असं म्हणून त्याने खिडकी उघडली.

नव्या मशीनवरचा गेम तो घरी घेऊन गेला. त्याचा सगळ्यात कडक परीक्षक घरीच होता ना! त्याची लेक, चिमणी. शाळेतून आल्यावर ती गेम खेळायची आणि बापाच्या चुका काढायची. आई इस्पितळात नर्स. तिची ड्युटी संध्याकाळी संपायची, तोवर चिमणी घरात एकटीच असायची. पोरगी धीट होती, पण एक वाईट सवय होती. ज्या खोलीत जाईल तिथला दिवा लावायची आणि तसाच सोडून पुढे जायची. डॉक्टर ओरडून ओरडून थकला होता. "घर आहे का सर्कशीचा तंबू?"

पण हल्ली काय नवल! तो घरी यायचा, तेव्हा चिमणी बसलेली असेल तेवढ्याच खोलीत दिवा असायचा. बाकी घर काळोखात.

"शहाणी झाली पोर," तो बायकोला म्हणाला.

"देव पावला म्हणायचा," ती हसून म्हणाली.

जेवताना त्याने चिमणीच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली, तर ती घास हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

"मी कुठे बंद करते बाबा? तुम्हीच करता ना?"

"मी?"

"मग कोण? मी पुढच्या खोलीत गेले, की मागून टप टप येता आणि बंद करता. नका ना करू तसं… मला भीती वाटते."

त्या वेळी तर तो ऑफिसात असायचा. डॉक्टर उठला आणि घरातले सगळे दिवे लावून आला. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने खटपट करून जुन्या गेमच्या प्रोग्रॅमरचा नंबर मिळवला. म्हातारा कधीच निवृत्त झालेला. फोन लागेपर्यंत दिवस कलला होता.

"काका, त्या डाव्या कडेबद्दल एक शंका होती."

म्हाताऱ्याने त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"काढलीस?"

"लोकांना मागे जायचं होतं, म्हणून…"

"अरे, ती कंदिल्याला अडवायला घातलीय, असं वाटलं तुला?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला. "कंदिल्याला कोण अडवतंय, बाळा… ती त्याच्या मागच्याला अडवायला आहे."

"मागे कोण आहे?"

"आम्ही नव्हतं घातलं ते. त्याला चित्र नाही, नाव नाही. गेम पहिल्यांदा चालू केला, त्या दिवसापासून मागून यायचं. दिवे विझवत… मग मी भिंत घातली. पण तोवर आमच्या चित्रकाराने गेम घरी नेला होता."

"मग?"

"त्याच्या घरात अजून दिवा लागत नाही. आता कोणी राहतही नाही म्हणा तिथे…"

फोन टाकून डॉक्टरने ती ओळ पुन्हा घातली. नवा गेम तिथूनच घरच्या मशीनवर पाठवला आणि चिमणीला फोन लावला.

"काय केलंत हो बाबा?" ती फुरंगटून म्हणाली. "मी पार मागे चालले होते, पहिल्या घरापर्यंत. आता मागे जाताच येत नाहीये."

त्याच्या जिवात जीव आला. "बरंच झालं. बंद कर आता गेम."

"पण बाबा… आता पुढचे दिवे विझतायत."

"काय?"

"आधी मागचे विझायचे. आता पुढचे… आणि ते माझ्याकडे येतायत."

डॉक्टर तसाच उठून पळत सुटला. भिंत घातली खरी, पण घालताना ते कुठल्या बाजूला होतं, हे त्याने पाहिलंच नव्हतं. चिमणी मागे मागे जाताना त्याला ओलांडून गेली होती. आता भिंत तिच्या पाठीशी होती, आणि ते समोर.

घरापर्यंत तो कसा पोचला, त्याचं त्याला ठाऊक. लिफ्ट वर गेलेली होती, तिची वाट बघायला धीर नव्हता, म्हणून जिना धापा टाकत चढला. चिमणी दारातच उभी होती, पांढरीफटक. त्याने तिचा हात धरला आणि दार तसंच सताड टाकून तिला ओढत निघाला. त्यांच्या मजल्यावरचा व्हरांडा लांबलचक, जिना पार दुसऱ्या टोकाला. ते थोडे पुढे गेले असतील नसतील, तोच जिन्याजवळचा दिवा विझला.

मग त्याच्या अलीकडचा.

आवाज आला. टप… टप… आणि तोच वास, विझल्या वातीचा. डॉक्टर चिमणीला घेऊन मागे सरकला. घराचं दार तिथेच होतं, उघडं, आतला उजेड बाहेर सांडत होता. पण त्याची पाठ कशाला तरी टेकली. गार, गुळगुळीत, काचेसारखं काहीतरी. हात लावून पाहिला. व्हरांड्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत… काहीच दिसत नव्हतं, आणि हात पलीकडे जात नव्हता.

आणखी एक दिवा गेला. आता त्यांच्या डोक्यावरचा एकच उरला.

"बाबा," चिमणी कुजबुजली, "समोरून आलं, की उडी मारायची असते."

दुसरं सुचत तरी काय होतं! त्याने पोरीला कवटाळलं, डोळे घट्ट मिटले आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून उडी मारली. तळपायांखालून गार वाऱ्याची लाट गेली. कोणाचे तरी केस घोट्याला घासून गेले… पाय जमिनीला लागले तसा तो सुटला, ते जिना उतरून फाटकाबाहेर येईपर्यंत थांबला नाही.

रस्त्यावर माणसं होती, दुकानं उघडी होती, कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. डॉक्टर मटकन फुटपाथवर बसला. हसला आणि रडला, दोन्ही एकदमच. सुटलो, असं त्याला वाटलं. लेक कुशीत होती. ते मागे राहिलं होतं.

फोन वाजला. बायको.

"अहो, कुठे आहात तुम्ही? आत्ता लिफ्टने वर आले, तर दार सताड उघडं! चिमणी कुठेय? आणि व्हरांड्यात एवढा काळोख कसा हो?"

"बाहेर ये! आधी बाहेर ये तू!" ओरडत तो उठला आणि फाटकाकडे धावला.

धाडकन कपाळ आपटलं. फाटक सताड उघडं होतं. शेजारचे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन त्याच्या अंगावरून आरामात आत गेले, वर म्हणाले, "लागलं का हो?" डॉक्टर दोन्ही हातांनी त्या गार, न दिसणाऱ्या भिंतीवर धपाधप बुक्क्या मारत राहिला. भिंत त्याच्या मागोमाग आली होती. मागे जायची सोय नव्हती.

"काय म्हणताय? ऐकू येत नाहीये नीट," फोनमधून बायको म्हणत होती. "थांबा, आधी दिवा लावते."

वर त्यांच्या घराची खिडकी उजळली. पहिली खोली. मग दुसरी. ती चिमणीला हाका मारत, दिवे लावत आत चालली होती. आणि पहिल्या खोलीतला दिवा विझला.

"अगंबाई… हे कोण बंद करतंय?"

दुसऱ्या खोलीतलाही विझला. आता फक्त शेवटची खिडकी उरली होती. तिच्यापुढे खोली नव्हती. फोनमध्ये वासाबद्दल ती काहीतरी पुटपुटली आणि मग एकदम गप्प झाली.

चिमणीने बापाचा सदरा ओढला.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "आईला माहितेय ना… की उडी मारायची असते?"