डॅशबोर्डमागची गुळगुळ

"पुढे मी!" मेघाने गाडीच्या दाराकडे धाव घेतली.

"आज भूषणला बसू दे गं," कचरूमामा म्हणाला. "त्याला इंजिनातलं कळतं. चला, इंजिनिअरसाहेब!"

झालं! मेघा फणकाऱ्याने मागे आजीशेजारी जाऊन बसली. ती आणि तिचा धाकटा भाऊ आकाश दिवाळीच्या सुट्टीत वाळूजहून पहाडसिंगपुऱ्याला मामाकडे येत. पण यंदा करमाडचा मावसभाऊ बुद्धभूषणही आला होता आणि घरात नुसतं भूषण, भूषण! त्याने बंद पडलेला पंखा सुरू केला, तर शेजारच्यांनासुद्धा सांगितलं. मेघाने सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या, त्या मात्र गुपचूप खाल्ल्या गेल्या!

दुसऱ्या दिवशी देवगाव रंगारीत नवं वाचनालय उघडणार होतं. फीत कापायचा मान आजीचा, मनकर्णाबाईंचा. गावातल्या मुली शाळेत जाव्यात म्हणून ती एकेकाळी दारोदार फिरली होती. वाटेत घाट लागणार, म्हणून मामा आज गाडी तपासून बघत होता. गाडीच्या पाण्याचा पाइप नुकताच फुटला होता आणि नवा पाइप मामाने स्वतःच बसवला होता.

"गार लागतंय रे," आजी म्हणाली. मामाने हीटर सुरू केला.

भूषणने काच खाली करून कान टवकारले. "मामा, डॅशबोर्डमागं काहीतरी गुळगुळतंय. नळाला पाणी येण्याआधी येतो ना, तसा आवाज!"

"तुझं पोट असंल!" मामा हसला.

दौलताबादचा घाट सुरू झाला आणि तापमानाचा काटा सरसर वर निघाला. तो बघायला मेघा पुढे वाकली. तिचा हात हीटरच्या जाळीसमोर आला आणि ती दचकली. काटा लाल रेघेजवळ, पण जाळीतून येणारी हवा चक्क गारढोण! ती सांगायला तोंड उघडणार, तोच मामा ओरडला, "शाब्बास भूषण, तुझा कान तिखट हाय!"

मेघाने तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

मामाने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि थेट पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला हात घातला.

"मामा, नको!" भूषणने त्याचा हात ओढला. "गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडेल!"

गाडी निवल्यावर ते हळूहळू घाटाखालच्या गॅरेजपर्यंत आले. गॅरेजवाल्याने नुसतं डोकावून फर्मान काढलं, "इंजिन खोलावं लागंल. आठवडा तरी जाईल."

"आणि उद्याचं काय?" आकाश रडवेला झाला.

मामाने थांबत थांबत गाडी कशीबशी घरी आणली. संध्याकाळी भूषण अंगणात विचार करत बसला होता. "करमाडला शेजारच्यांच्या गाडीचं असंच झालं होतं. पाण्यात हवा अडकली होती. तसं असेल तर हीटर गार हवा फेकतो. माझी काच उघडी होती, मला वाऱ्यात कळलं नाही. मेघा, तू पुढं वाकली होतीस ना? हवा कशी होती?"

"मला नाही माहीत," मेघा म्हणाली.

भूषणचं गाडं पहिल्यांदाच अडलं. मेघाला आतून गुदगुल्या झाल्या. बसू दे इंजिनिअरसाहेबांना डोकं खाजवत!

एवढ्यात आतून आजीचा आवाज आला. ती वाचनालयाच्या पुंजारामदादांशी फोनवर बोलत होती. "व्हय पुंजाराम, गाडी बंद पडली. बसमध्ये चढाया गुडघे साथ देत नाय. फीत दुसऱ्या कुणाच्या हातनं कापून घ्या. माझं काय, लई झालं करून."

मेघाच्या गुदगुल्या कुठल्या कुठे पळाल्या. ती तशीच भूषणसमोर जाऊन उभी राहिली.

"हवा गार होती. बर्फासारखी! मी खोटं बोलले. सगळे तुलाच शाबासकी देतात म्हणून."

भूषण ताडकन उठला. "चल, मामाला सांगू!"

"नुसतं सांगून तो ऐकेल? पुरावा पाहिजे!" मेघा म्हणाली आणि जिन्याखाली शिरली. पाइप बदलतानाचं सामान तिथेच होतं. कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, कॅन तिने हलवून पाहिला. अर्धा भरलेला!

तिने तो मामापुढे आदळला. "मामा, गाडीतलं सगळं कूलंट सांडलं होतं ना? तेवढंच तू आणलंस, मग हे अर्धं कसं उरलं?"

"वाचलं की! बाटली भरली, झाकण लावलं. टीव्हीवर मॅच सुरू होणार होती," मामा म्हणाला.

"वाचलं नाही, आत गेलंच नाही! त्याच्या जागी हवा बसलीय. म्हणून गुळगुळ, म्हणून हीटर गार!"

मामाने एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा मेघाकडे. मग त्याने कपाळावर हात मारला.

सकाळी इंजिन थंड होतं. मामाने गाडी गल्लीच्या चढावर तोंड वर करून उभी केली, चाकामागे दगड लावले. मग झाकण उघडलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन सुरू केलं. तो पाइप दाबून सोडू लागला.

बुड्! बुडबुड्!

"निघाली! हवा निघाली!" आकाश नाचू लागला.

बाटलीतली पातळी झरकन खाली गेली. भूषणने कूलंट ओतलं. पुन्हा बुडबुडे, पुन्हा कूलंट! मेघा हीटरच्या जाळीवर हात धरून होती. गार... गार... कोमट...

"गरम! मामा, गरम झाली!"

बुडबुडे थांबले. मामाने झाकण घट्ट लावलं. मग गल्लीतच दोन-तीन चकरा मारून पाहिल्या. काटा मध्यावर!

घाटात मेघा काट्यावर डोळे लावून बसली होती. पण काटा जागचा हलला नाही.

वाचनालयापाशी पुंजारामदादा वाट बघत होते. आजीने फीत कापली, टाळ्या झाल्या. मामा सगळ्यांना सांगू लागला, "हा आमचा भूषण! यानंच गाडी..."

मेघा पुन्हा मागे सरकली.

"गार हवा मेघानं ओळखली," भूषण मध्येच म्हणाला. "उरलेला कॅनही तिनंच शोधला." आणि तो थांबला. कालच्या खोट्याबद्दल एक अक्षर नाही!

मेघाचे कान लाल झाले. मग तीच मोठ्याने म्हणाली, "आणि मामा तापलेलं झाकण उघडत होता, तेव्हा भूषणनेच त्याचा हात धरला! नाहीतर मामा भाजला असता!"

"अगं, ते कशाला सांगतीस!" मामा ओशाळला आणि सगळं वाचनालय हसलं.

आजीने दोघांना जवळ ओढलं. "पुंजाराम, गाडी नाय रे, मला या पोरांनी हितवर आणलं!"

"शाब्बास रे पोरांनो!" पुंजारामदादा म्हणाले. या वेळी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या कचरूमामाने.