पंधरावी ओळ

सप्टेंबरातल्या शेवटच्या सोमवारी हिलिया चर्चच्या कार्यालयात आली, कोट खुंटीला लावला, बुटांना चिकटलेली बर्चची ओली पानं पायपुसण्यावर झटकली आणि संगणकाला हात लावण्याआधी मेजावरची मेणबत्ती लावली. दिवसाचं वचन वाचायचं, दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि मगच काम. सव्वीस वर्षांत हा नेम एकदाच चुकला होता, तोही पाण्याचा नळ फुटून कार्यालयात घोटाभर पाणी झालं होतं म्हणून.

संगणक सुट्टीच्या दोन दिवसांत अपडेट होऊन बसला होता. काय काय बदललंय ते सांगणारी खिडकी उघडली, की बाकीचे ती न वाचताच बंद करत. हिलिया शेवटपर्यंत वाचायची. बदल सगळे बारीकसारीक होते. खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते. कचऱ्याची टोपली डावीकडून उजवीकडे गेली होती. कॉपी केलेल्या शेवटच्या दहा गोष्टी आता संगणक लक्षात ठेवणार होता. आणि कोपऱ्यातल्या घड्याळाखाली त्या त्या दिवसाचं नाव दिसणार होतं. एकूण चौदा ओळी. तिने त्या छापल्या आणि कॉफीच्या खोलीतल्या फळ्यावर टाचल्या.

कबरस्तानाची निगा राखणारा काउनो कॉफीचा मग हातात घेऊन ते वाचत उभा राहिला.

"कचऱ्याची टोपली हलवली त्याची बातमी? मी उन्हाळ्यात तीन झाडं हलवली, ती कुणी छापली नाहीत."

"नावदिवसाचं मात्र बरं केलं," हिलियाच्या समोरच्या मेजावर बसणारी इलोना म्हणाली. "आता कुणाचा दिवस विसरायला नको."

नावदिवस तसा फिनलंडमध्ये कुणी विसरत नाही. वर्षातल्या जवळजवळ प्रत्येक दिवसाला नाव वाटून दिलेलं आहे. चर्चच्या कार्यालयात पद्धत अशी, की ज्याचं नाव असेल त्याने वेलचीचे गोड पाव भाजून आणायचे आणि बाकीच्यांनी अभिनंदन करत ते संपवायचे. हिलियाचा दिवस आठ ऑक्टोबर. इलोनाचा त्याच्या दुसऱ्या दिवशी, नऊला.

इलोना मार्चमध्ये कामाला लागली. वय बत्तीस, आवाज मोकळा, हसली की भिंतीपलीकडे पाळकांच्या खोलीत ऐकू जायचं. तिची कसली तक्रार करावी तर जागा नव्हती. पण मे महिन्यापासून हिलियाने फोन उचलला, की पलीकडून विचारणा व्हायची, "इलोना नाही का आज?" हिलिया मऊ आवाजात "देते हं" म्हणायची. फोन खाली ठेवताना मात्र तो जरा जोरात ठेवला जायचा, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं.

आठ ऑक्टोबरला ती बारा पाव घेऊन आली. मेणबत्ती लावली, वचन वाचलं, संगणक सुरू केला. घड्याळाखाली लिहिलं होतं: इलोना.

तेवढ्यात तेउवो पाळक आपल्या खोलीतून बाहेर आला आणि हिलियाच्या पडद्यावरचं नाव वाचून तडक इलोनाच्या मेजापाशी गेला.

"अभिनंदन! तरीच म्हटलं, वेलचीचा वास कुठून येतोय."

"माझा उद्या," इलोना म्हणाली. "आज हिलियाचा आहे. पावही तिचेच."

"संगणक तर तुझं नाव सांगतोय. एक दिवस पुढे गेला असेल, झालं. हिलिया काही रुसणारी नाही. काय गं?"

"नाही," हिलिया म्हणाली.

कॉफी ओतली गेली. दुसरा पाव उचलताना तेउवोने सहज म्हणावं तसं म्हटलं, "आणि हे बघ, यंदा सर्व संतांच्या दिवसाची यादी इलोनाला करू दे. तुलाही जरा आराम. गुडघा दुखतो म्हणतेस ना?"

"गुडघ्याने कुठे करते मी यादी?"

सगळे हसले. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं.

ती यादी म्हणजे वर्षभरात वारलेल्यांची नावं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती चर्चमध्ये वाचली जातात, आणि प्रत्येक नावाला यादी करणारी व्यक्ती एक मेणबत्ती लावते. हिलिया प्रत्येक घरी फोन करायची. नाव कसं उच्चारायचं ते विचारायची, आणि मग पलीकडचं माणूस जे बोलेल ते ऐकून घ्यायची. तिला नवरा नव्हता, घरात दुसरं माणूस नव्हतं. ऑक्टोबरातले ते फोन आणि तो एक शनिवार, एवढ्यावर ती बाकीचं वर्ष काढायची.

दुसऱ्या दिवशी घड्याळाखाली इलोनाचंच नाव होतं, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशीही इलोना.

"माझ्याकडे अलेक्सी दाखवतंय," काउनो म्हणाला. "तुझं अडकलंय वाटतं."

"घड्याळ तर चालू आहे."

"मग तुझ्या संगणकालाही ती आवडली असेल!"

सोमवारी इलोना. मंगळवारी इलोना. हिलियाने संगणक बंद करून पुन्हा लावला. नाव हटलं नाही. उलट ते किंचित ठळक झाल्यासारखं वाटलं. रोज सकाळी मेणबत्तीसमोर डोळे मिटून ती म्हणायची, "प्रभू, माझ्या मनातलं हे काढून टाक." डोळे उघडले की समोर तेच नाव.

बुधवारी तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण आणि घाईत होता.

"नावावर उजवं बटण दाबा. 'हे नाव लपवा' असं येईल. नव्या बदलांमध्ये लिहिलंय ते."

"मी सगळे वाचलेत. चौदाच्या चौदा."

"पंधरा आहेत, बाई."

ती कॉफीच्या खोलीत गेली. कागद तिचाच होता, कोपऱ्यात टाचणीही तिचीच. तिने बोट ठेवून ओळी मोजल्या. पंधरावी अगदी तळाशी होती, बाकीच्यांसारख्याच अक्षरात: नको असलेलं नाव आता लपवता येईल.

हिलिया जागेवर परतली आणि त्या दिवशी तिने काहीच केलं नाही.

गुरुवारी रफू करणाऱ्या आजीबाईंचा गट यायचा. त्यांच्यातली एक्क्याऐंशीची सिर्का, जिचा त्या दिवशी नावदिवस होता, टोपलीभर पाव घेऊन हिलियाच्या मेजासमोरून तशीच पुढे गेली. "ती पोरगी कुठाय? आधी तिला. हा मोठा तुझा गं, बये. किती वाळलीस!"

इलोना तो पाव खात खातच हिलियाकडे आली. "एक विचारू? यादीतल्या घरांना तू फोन करायचीस का गं? की नुसती वहीतून नावं उतरवायची?"

"नुसती उतरवायची," हिलिया म्हणाली.

खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती.

"हो? मी तर फोन करायला लागले. काल नऊ घरं झाली. लोक काय काय सांगतात गं! एक आजोबा पाऊण तास बोलले. शेवटी म्हणाले, असं याआधी कुणीच ऐकून घेतलं नव्हतं."

"कुणीच नाही?"

"असं म्हणाले खरे." इलोना हसली, बोटांवरची साखर चाटली आणि आपल्या मेजाकडे गेली.

हिलियाने घड्याळाखालच्या नावावर बाण नेला. उजवं बटण दाबलं. एकच ओळ उघडली. तिने ती दाबली. खात्री आहे का, असं संगणकाने विचारलं नाही. नाव हळूच घडी घातल्यासारखं मिटलं, आणि त्या जागी सिर्का आलं.

एवढंच. तिला फार हलकं वाटलं.

शुक्रवारी इलोना आली नाही. कुणी विचारलंही नाही.

सोमवारी काउनोचा दिवस होता. त्याने तीन पाव आणले, ताटलीत मांडले. तिघांना तीन.

"इलोना बरी नाही का?" हिलियाने विचारलं.

"कुठली इलोना?" तेउवो म्हणाला. त्याचा चेहरा लगेच मऊ झाला, कुणाच्या आजारपणाची बातमी येते तेव्हा व्हायचा तसा. "कुठल्या घरची? मी जाऊन येऊ का भेटून?"

समोर, इलोनाच्या मेजावर, छपाईचं यंत्र होतं. हिलियाने ते सरकवून पाहिलं. त्याखाली धुळीचा जाड चौकोन होता, वर्षानुवर्षांचा.

तिच्या फोनमध्ये इलोनाचा नंबर नव्हता. कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यावर तीन ओळी होत्या, आणि चौथीसाठी जागाच नव्हती.

तिने संगणकाच्या सेटिंग्ज उघडल्या. "लपवलेली नावं" असा एक कप्पा होता. सगळ्यात वर इलोना, सोळा ऑक्टोबर. शेजारी लहानसं बटण: पुन्हा दाखवा. खाली आणखी काही ओळी दिसत होत्या, पण तिचं लक्ष बटणावर होतं. तिने बाण तिथे नेला.

"यादी कुठवर आली?" दारातून तेउवोने विचारलं. "यंदा नावं बरीच आहेत. तुझ्यावाचून कोण करणार, हिलिया?"

तिचं बोट बटणावर होतं.

दोन आठवडे. फक्त दोन आठवडे, मग लगेच. तिने रोजनिशीत सोमवार, तीन नोव्हेंबरच्या पानावर लिहिलं: लपवलेली नावं, पुन्हा दाखवायची. खाली दोन रेघा ओढल्या, आणि खिडकी बंद केली.

त्या दुपारी तिने फोन सुरू केले. पहिल्याच घरी एक म्हातारा म्हणाला, "अहो, तुमचा फोन झाला की गेल्या आठवड्यात. पाऊण तास बोललो आपण."

"मी?"

"तुम्हीच. किती छान हसता तुम्ही."

हिलियाने यादीत त्या घरापुढे खूण केली. मग म्हणाली, "हो. मीच."

असं नऊ घरी झालं.

सर्व संतांच्या दिवशी चर्च भरलं होतं. तेउवो नावं वाचत होता आणि हिलिया मेणबत्त्या लावत होती. अडतीस नावं, अडतीस ज्योती. नंतर लोक रांगेने तिच्याकडे आले. सिर्काने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तू आहेस म्हणून चाललंय बघ, पोरी." इतकी वर्षं ज्यासाठी तिचा जीव तरसला ते सगळं तिला त्या तासाभरात मिळालं. घरी जाताना तिला वाटलं, आपण कुणाचे तरी आभार मानायला हवेत. कुणाचे ते आठवेना.

सोमवारी तिने मेणबत्ती लावली, वचन वाचलं, रोजनिशी उघडली. अक्षर तिचंच होतं. लपवलेली नावं, पुन्हा दाखवायची. कुणाची ते लिहिलेलं नव्हतं.

तिने कप्पा उघडला.

पाच नावं होती. प्रत्येकापुढे तारीख, आणि तारखेपुढे लपवणाऱ्याचं नाव. पाचही ठिकाणी हिलिया.

संगणक बदलून चारच वर्षं झाली होती. कप्प्यातल्या काही तारखा त्याच्या कितीतरी आधीच्या होत्या.

तिला एकही नाव ओळखीचं वाटेना. यादीतली नावं ती नेहमी मोठ्याने म्हणून बघायची, जिभेला नीट बसेपर्यंत. तशीच तिने ही म्हटली, वरून खाली, सावकाश.

"इलोना." गोड नाव. काही आठवलं नाही.

"राउनी."

"पेंत्ती." कुणी असेल.

"आइमो." तिचा डावा अंगठा त्याच हाताच्या अनामिकेच्या मुळाशी गेला, अंगठी फिरवावी तसा एकदा फिरला आणि थांबला.

शेवटचं नाव एकोणीस वर्षांपूर्वीचं होतं.

"एल्सी," हिलिया म्हणाली.

तिचे दोन्ही हात मेजावरून आपोआप उचलले गेले. कोपरात वाकले, तळवे वर झाले, आणि कुणीतरी लहान पळत येऊन मांडीवर चढणार असावं तसे पसरून राहिले.