खोऱ्याची बांधलेली वाट

इन्स्पेक्टरबाई हवालदाराला घेऊन नियंत्रण कक्षात शिरल्या तेव्हा पडद्यावर आज्ञा तशीच होती : ‘खोरे – फक्त उपग्रह. बदल नको.’ खाली नाव भाचीचं.

भाची म्हणजे इथली सगळ्यात धाकटी ऑपरेटर. कक्षप्रमुख तिचे सख्खे मामा, म्हणून सगळे तिला भाचीच म्हणत.

दुपारी उपग्रह डोंगराआड गेला आणि खोऱ्यातल्या बचाव पथकाचा संपर्क तुटला. दरड पुन्हा सरकतेय, हे त्यांना कुणी कळवूच शकलं नाही. एक जवान हॉस्पिटलात मृत्यूशी झुंजत होता. आकाशात संपर्काचा फुगा होता, जमिनीवर टॉवर होता. दोन्ही ठणठणीत, आणि दोन्ही नुसते बसून. आता पोरीला अटक व्हायचीच काय ती बाकी होती.

“आज्ञा कशी देतेस?” बाईंनी विचारलं.

“नुसतं सांगते, खोऱ्याचा संपर्क चालू ठेव. उपग्रह, फुगा की टॉवर, ते सॉफ्टवेअर ठरवतं. एक वाट तुटली की दुसरी धरतं.”

“मग ही आज्ञा?”

“मी नाही दिली हो! आईशप्पथ!”

“खुर्ची सोडली होतीस?”

तिने मामांकडे पाहिलं. “नाही.”

मामा खिडकीबाहेर बघत होते. “लहान आहे, बाई. गडबडली असेल. आमच्या वेळी एकेक वाट आम्ही हाताने बांधायचो. या पोरांना सगळं आयतं. हिला तर ते येतही नाही.”

“कुणाकुणाला येतं?”

“आता माझ्याशिवाय कोण उरलंय इथे?” मामा जरा ऐटीतच म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या.

“हाताने वाट बांधली की सॉफ्टवेअरला दुसरी शोधायची मुभाच राहत नाही. म्हणून फुगा आणि टॉवर असून नसल्यासारखे झाले. ही आज्ञा म्हणजे हाताने बांधलेली वाट आहे, मामा. हिला ते येत नाही. तुम्हीच सांगितलंत.”

बाई भाचीकडे वळल्या.

“पोरी, आता खरं सांग. खुर्चीवर कोण होतं?”

“मामाच म्हणाला, चहा पिऊन ये, मी बघतो. दुसऱ्याची खुर्ची घेतली तर नोकरी जाते. त्याची जाऊ नये म्हणून मी...”

“आणि ती खोटं बोलत होती, तुम्हाला वाचवायला. तुम्ही ऐकत होतात,” बाई मामांना म्हणाल्या. “कशासाठी केलंत हे?”

मामांचा आवाज खाली गेला. “पुढच्या महिन्यापासून सगळं सॉफ्टवेअरच सांभाळणार. मला घरी बसवणार होते. एकदा सॉफ्टवेअर फसलं की हाताने वाट बांधणाऱ्याची किंमत कळेल, असं वाटलं. पथक आत उतरलंय, हे देवाशप्पथ ठाऊक नव्हतं.”

“पण माझं नाव का?” भाची ओरडलीच. “बाबा गेल्यावर तुझंच बोट धरून आले ना मी इथे?”

“तुला माफ करतील वाटलं गं. लहान आहेस.”

हवालदाराने मामांचा दंड धरला. दाराशी ते वळले. “ताईला एवढ्यात काही सांगू नकोस.”

भाचीने डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

“आई, बसून घे आधी. तुझ्या भावाबद्दल सांगायचंय.”