वांग्यावरचा आळ

ज्या माणसानं सहा वर्षं बिचाऱ्या वांग्यावर खोटा आळ घेतला, त्याच्या मी प्रेमात पडले. हसायचं तर हसा!

जळगाव जामोदच्या आमच्या दवाखान्यात तो आला तोच लंगडत. विहंग, शाळेत विज्ञान शिकवणारा. शेतात पायाला फावडं लागून जखम चिघळली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. मी ते भरलं आणि विचारलं, "कुठल्या औषधाची ॲल—"

"नाही."

"प्रश्न संपायच्या आत आलेल्या 'नाही'वर माझा विश्वास नसतो. कधी अंगावर गांधी उठल्या? ओठ सुजले? दम लागला?"

"हाव, एकदा... पण ते वांग्यानं. बहिणीच्या लग्नात, पिंपळगाव राजाले. पंगतीतून उचलून नेलं मले. तवापासून वांग्याले शिवलो नाही."

"त्याआधी खात होता?"

"रोज! वऱ्हाडातला माणूस आहे मी, सिस्टर."

"मग त्या दिवशी नवीन काय घेतलं?"

त्यानं बोटं मोडत आठवून पाहिलं. "घसा दुखून राह्यला होता... जेवणाआधी एक कॅप्सूल. अमॉक्सिसिलिन."

हातातलं इंजेक्शन त्याच पेनिसिलिनच्या कुळातलं होतं. ते ट्रेमध्ये ठेवून मी थेट डॉक्टरांकडे गेले आणि वांग्याचा किस्सा सांगितला. बाहेर ही रांग.

"आरोही, वांग्यापायी आता औषध बदलू?"

"वांग्यापायी नाही सर, कॅप्सूलपायी. हे इंजेक्शन मी देणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि वेगळ्या गटातलं औषध लिहिलं.

"दिलं असतं तर?" विहंगनं हळूच विचारलं.

"घसा सुजला असता, बीपी पडला असता. वाचवलंही असतं आम्ही कदाचित... पण मला ते करून बघायचं नव्हतं." मग मला राहवेना. "विज्ञान शिकवता ना हो तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. ती रिॲक्शन नव्हती, एवढं मला कळत होतं.

लाल शाईनं मी एक कार्ड लिहून दिलं – 'पेनिसिलिन गटातलं औषध कधीच नाही'. "खिशातच ठेवायचं. कुठंही गेलात तरी आधी हे दाखवायचं."

एक दिवसाआड तो ड्रेसिंगला यायचा, चांगला तासभर आधी. चौथ्या खेपेला डबा घेऊन आला. आत भरीत आणि कळण्याची भाकरी.

"डॉक्टरसाहेबाले विचारलं, ते हो म्हणतात. पण भेव वाटते... पहिला घास तुमच्यासमोर खातो. अर्धा तास बसता?"

इमर्जन्सीचा ट्रे जवळ ओढून मी बसले. त्यानं इवलासा घास घेतला. डोळे मिटले... आणि सहा वर्षांनी माहेरी आल्यासारखा हसला. माझी नजर त्याच्या ओठांवर. सूज बघत होते हो मी! निदान सुरुवातीला.

अर्धा तास झाला. काही म्हणजे काही झालं नाही. उठायचं मात्र दोघांच्याही लक्षात नाही.

त्यानं खिशातून कार्ड काढलं. "याच्यावर नुसतं 'नाही'च आहे."

मी निळ्या पेनानं खाली लिहिलं – 'वांगं चालेल'.

"अन् अजून एक विचारायचं होतं. आरोही, तू माह्याशी..."

"हो."

तो बघतच राहिला. "पण प्रश्न कुठं संपला? तुझा तर विश्वास नसते ना अशा उत्तरावर?"

"'नाही'वर नसतो," मी म्हटलं आणि त्याच्या डब्यातली भाकरी मोडली.