चवीपुरते गुणिले तीन

झारा शेगडीपुढे पळी उगारून उभा होता आणि हलत नव्हता. झारा म्हणजे आजोबांच्या घरचा स्वयंपाकी रोबो. डाळ शिजली होती, पण तो एकच वाक्य म्हणत होता, “चूक आहे. पुढे जाणार नाही.”

त्याच दिवशी सुट्टीला आलेल्या शाल्मलीला वाटले, तो रुसला. आजोबांनी सांगितले, रोबो रुसत नसतो, तेवढी अक्कल त्याला नाही.

झारा ज्या संकेतस्थळावरून पाककृती वाचायचा, ते आजीने स्वतः बांधले होते. आजी दिवाळीनंतर गेली. काल सर्व्हरवर (संकेतस्थळे साठवणाऱ्या संगणकावर) संगणकभाषेची नवी आवृत्ती आली आणि आजीचा कोड (यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना) अडखळला. शाल्मलीच्या आईने फोनवर निकाल दिला होता: जुने काढून टाका, तयार पाककृती मिळतात, संध्याकाळी येऊन बसवते. आजोबा नुसते “बघू” म्हणाले. पण आजीने लिहिलेले घरात तेवढेच उरले होते.

दोघे संगणकाच्या पडद्यापुढे बसले. पहिली चूक सोपी निघाली. आजीने वापरलेली एक आज्ञा नव्या भाषेत उरलीच नव्हती.

“म्हणजे आजीचं चुकलं?”

“नाही गं. वाण्याकडे छटाकभर साखर मागून बघ. तो तुझ्या तोंडाकडे बघत राहील. छटाक चूक नाही, जुनं आहे. साठ ग्रॅम म्हण, लगेच देईल.”

शाल्मलीने जुन्या आज्ञेच्या जागी नवी लिहिली. झाऱ्याने फोडणी दिली, आमसूल टाकले आणि पुन्हा पळी उगारली. “‘चवीपुरते’ गुणिले तीन. ‘चवीपुरते’ ही संख्या नाही.”

आजीने एका माणसाचे प्रमाण लिहून त्याला जेवणाऱ्यांच्या संख्येने गुणायला सांगितले होते. मिठापुढे मात्र तिने आकडा लिहिलाच नव्हता.

“मग इतके दिवस कसं चाललं?”

आजोबा म्हणाले, जुनी भाषा भिडस्त होती. कळले नाही तरी विचारायची नाही, त्या शब्दाला शून्य धरून पुढे जायची. नवी अडून बसते.

शाल्मलीने हिशेब केला. “शून्य गुणिले तीन, शून्य. म्हणजे झारा मीठ घालतच नव्हता?”

“छे, हिच्या वेळची आमटी कधी अळणी...” आजोबा थांबले. आजी झाऱ्याच्या मागे उभी राहून मीठ हाताने घालायची. यंत्राला काय कळतंय मीठ, म्हणायची.

ती गेल्यापासून जेवणाला चव नाही, असे आजोबा सगळ्यांना सांगत. लोक पाठीवर हात ठेवत. वैद्यांनी जिभेसाठी चूर्णही दिले. आमटी मात्र कोणीच चाखून पाहिली नव्हती.

आजोबा हसू लागले. हसता हसता चष्मा काढून पुसला आणि परत हसले.

“आजीचा शब्द खोडू?” शाल्मलीने विचारले.

“राहू दे. शब्द बरोबर आहे. विचारायचं तेवढं राहिलं होतं.”

मग दोघांनी कोडमध्ये एक ओळ वाढवली: आकडा असेल तर गुणाकार कर, शब्द असेल तर जेवणाऱ्याला विचार. जुने न मोडता नव्याशी जुळवून घेणे, याला सुसंगती म्हणतात.

झाऱ्याने मान वळवली. “मीठ किती घालू?”

“थांब, मी येतो,” म्हणत आजोबा उठले आणि मिठाच्या बरणीत हात घातला.

“भाषा परत बदलली तर?” शाल्मलीने मागून विचारले.

“बदलणारच. तेव्हा तू दुरुस्त कर.”

संध्याकाळी आईने आमटीचा भुरका मारला आणि म्हणाली, “बाबा, खारट झालीय.”

आजोबांनी वाटी पुढे केली. “अजून वाढ.”