फाटकाशी थांबलेली लांडगीण

अकरा दिवसांच्या मौनानंतर, सकाळी सव्वानऊ वाजता, लांडगीण तिला भेटली ती तिच्याच घराच्या फाटकाशी.

ऑफिसातल्या पडद्यावर, अर्थात; पण म्हणून धडकी काही कमी भरत नाही. लांडगिणीच्या गळ्यातल्या पट्ट्याने साठवून ठेवलेले ठिपके उपग्रहाने आज एका दमात खाली पाठवले होते, आणि ती ते जोडत गेली तसतसा तिच्या पायांखालचा मजला सरकत गेला. माळ... ओढा... हमरस्ता... आणि मग तिची गल्ली! रोज संध्याकाळी सहाला. अर्धा-अर्धा तास.

सहाला तर आई त्याच फाटकाशी झाडांना पाणी घालते.

नियम स्पष्ट होता : जनावर वस्तीत शिरलं की ताबडतोब वनखात्याला कळवायचं. मग बंदुका निघतात. तिने फोन लावला, पण आधी डॉक्टरला. पट्टा बांधणारा तो जनावरांचा डॉक्टर. चार महिने दोघं रोज बोलत, आणि लांडगिणीखेरीज एक अक्षर बोलत नसत.

"डॉक्टर, ती माझ्या दारात येते हो!"

"कोण?"

"तुमची लाडकी! रोज सहाला. मी वनखात्याला कळवतेय."

"नका कळवू! आलोच मी... पाच मिनिटांत."

"पाच? तुम्ही तर माळावर ना?"

फोन बंद.

माळावर नव्हताच तो; धापा टाकत ऑफिसचा जिना चढून आला, आणि पिशवीतून काढून त्याने टेबलावर जे ठेवलं, ते पाहून ती खुर्चीतून उठलीच. पट्टा. वाळलेला चिखल, चिकटलेले राखाडी केस.

"मेली?"

"छे, छे! मुदत संपली, पट्टा अकरा दिवसांपूर्वीच आपोआप गळून पडला. परवाच पाहिली तिला, तीन पिल्लांसकट. मजेत आहे."

"मग माझ्या फाटकाशी रोज..."

"मी." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "लोहचुंबक लावून पट्टा बंद करायचा असतो. विसरलो."

आकाशातल्या त्या निर्विकार डोळ्याने अकरा दिवस एका माणसाची घालमेल टिपली होती – अक्षांश-रेखांशांसकट!

"पट्टा ऑफिसात जमा करायचा असतो, डॉक्टर. गल्लीत मिरवायचा नसतो."

"फोनवर मुद्दाम बोललो नाही, तुमच्या हातात द्यायचा होता. काहीतरी बोलून. तुमच्या आईंनी दोनदा विचारलं, 'पत्ता चुकलात का?' मी हो म्हणालो."

"आणि अर्धा-अर्धा तास करत काय होतात?"

"वाक्य पाठ करत होतो."

"मग म्हणा ना!"

त्याने तोंड उघडलं... मिटलं. लांडगिणीच्या जबड्यात हात घालणारा माणूस, आणि त्याची बोबडी वळली होती. तिला संताप यायला हवा होता. भलतंच काहीतरी येत होतं.

"उद्यापासून ती आपल्याला दिसणार नाही," ती हळूच म्हणाली. "तरी फोन करत जा."

"पण... बोलायचं कशावर?" त्याने खरोखरच गोंधळून विचारलं.

"मला तुम्ही आवडता. इथून सुरुवात करू."

आणि खोलीत घुमलेला तो आवाज आपलाच आहे हे ध्यानात येताच, त्याच्याइतकीच तीही हादरली.