वळणावरचा फलाट

शेवटच्या स्थानकावर सगळ्यांनी उतरायचं असतं. यात न समजण्यासारखं काय आहे? तरी त्या सकाळी तिने चालकाच्या केबिनमधून घोषणा केली, रिकामी गाडी पुढे बोगद्यात नेली, वळणावर सिग्नलसाठी थांबली, आणि केबिनच्या दारामागे कुणीतरी सणसणीत शिंकलं.

तिने दार उघडलं. पहिल्याच डब्यात सीटच्या आड एक उंच तरुण उकिडवा बसला होता. गळ्यात नकाशांची नळी, केसांत धूळ, आणि चेहरा दूध पिताना सापडलेल्या मांजराचा.

"घोषणा ऐकू आली नाही का?"

"आली की. छान आवाज आहे तुमचा."

"आवाजाचं विचारलं नाही मी. उतरला का नाहीत?"

"उतरलो असतो, तर हा कसा दिसला असता?" त्याने खिडकीबाहेर बोट केलं.

बाहेर जुना, बंद पडलेला फलाट होता. ती रोज त्याला खेटून गाडी न्यायची आणि कधी मान वळवायची नाही. आज पाहिलं तर... भिंतीवर हिरव्या टाइल्स, वर कमानी, आणि अंधारात चढत गेलेला रुंद दगडी जिना. इतकं देखणं काहीतरी आपल्या शेजारी होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

"वाकडा का आहे, सांगू?" तो आता ऐटीत उभा राहिला. "वर तळं होतं पूर्वी. बोगदा त्याला वळसा घालून खणला. पुढे तळं बुजवलं, त्यावर बाजार वसला. वळण तेवढं राहिलं."

"आणि तुम्ही त्या तळ्यातले बेडूक का?"

"नाही हो! स्थानकाचे नवे नकाशे काढतो मी."

सिग्नल हिरवा झाला. "बसा गप," म्हणून तिने दार लावलं. दार लावल्यावर मात्र तिला हसू आवरेना.

तक्रार काही तिने केली नाही. तोही शहाणा झाला, रीतसर परवानगी काढून येऊ लागला. येताना रोज एखादी शंका आणायचा, आणि ती शंका नेमकी तिच्याच ड्यूटीच्या वेळी निघायची. स्थानकात सगळे त्याला नकाशेवाला म्हणू लागले आणि तिच्याकडे बघून उगाच खाकरू लागले.

त्याचं म्हणणं सरळ होतं. उतरणारे आणि चढणारे, दोघांना मिळून एकच जिना. सकाळी नुसती चेंगराचेंगरी. तेव्हा गाडी थोडी पुढे नेऊन वळणावर लोकांना उतरवा, ते जुन्या जिन्याने थेट बाजारात निघतील. पण मोठे साहेब ऐकेनात. पूर्वी डबे आखूड होते, आता लांब झाले. वळणावर मधल्या दारांसमोर एवढी फट राहते की लहान मूल पडावं. फलाट बंद पडला तो त्याचमुळे. आता तो काँक्रीटने भरून टाकायचा, ठरलं.

मग एक दिवस त्याने फलाटाच्या काठावरची धूळ खरवडली, तर खाली लोखंडी फळ्या निघाल्या. बाहेर सरकून फट झाकणाऱ्या! बांधणाऱ्यांनी तेव्हाच सोय करून ठेवली होती. जुन्या डब्यांपुरत्या आखूड होत्या, त्या त्याने साफ करून लांबवून घेतल्या. फक्त प्रत्येक दार फळीसमोर येईल अशी गाडी तंतोतंत थांबायला हवी.

"म्हणजे सगळं माझ्या ब्रेकवर?"

"तुमच्या हातावर," तो म्हणाला, तिच्या हाताकडे बघत राहिला, आणि पुढचं बोलायचं विसरला.

साहेब कसेबसे तयार झाले आणि पहिली चाचणी त्यांच्यासमोर झाली. गाडी झोकात वळणावर आली... आणि टोकाला उभ्या नकाशेवाल्याने आनंदाने दोन्ही हात हलवले. तिचं लक्ष गेलं. गाडी पुढे सरकली, फळ्या डब्यावर ठणाठणा आपटल्या. साहेब म्हणाले, "रविवारी शेवटची संधी. नाहीतर सोमवारी काँक्रीट."

"हात कशाला हलवलेत?" ती कडाडली.

"तुम्ही बघितलंत कशाला?"

मग तो खाली बसला. "शिकत होतो तेव्हापासून हा फलाट डोक्यात आहे हो. एकदा भरला की परत कोण खणणार?" त्याचा चेहरा एवढासा झाला.

याचा असा चेहरा आपल्याला बघवत नाही, तिच्या मनात आलं. आणि लगेच कळलं की आपण पुरत्या अडकलोय.

"ऐका," ती म्हणाली. "ती थांबायची पाटी वळणाआड जाते, मला उशिरा दिसते. काठाजवळ काहीतरी हवं. तुम्हीच उभे राहा, हातात दिवा घेऊन. माझी खिडकी बरोबर तुमच्यासमोर आणते. पण हलायचं नाही!"

"शिंक आली तर?"

"गिळायची."

रविवारी कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांनी डबे भरून गेले. तिची आईही होती. वळण आलं. काळोखात एक दिवा... अगदी स्थिर. तिने हळूहळू ब्रेक आवळला. दिवा जवळ आला, मोठा झाला, आणि खिडकीच्या मधोमध त्याचा चेहरा येऊन थांबला.

खट्. खट्. खट्. प्रत्येक फळी आपापल्या दाराशी जाऊन टेकली.

साहेब गुडघ्यांवर बसून एकेक फट तपासत गेले, उठले, हात झटकले. "ते काँक्रीट परत पाठवा!"

काय जल्लोष झाला म्हणता! माणसं शिट्ट्या मारत जुन्या जिन्याने वर निघाली. तो मात्र खांबासारखा ताठ उभाच.

तिने खिडकी उघडली. "अहो, हला की आता!"

"घोषणा ऐकू आली नाही का?" त्याचे डोळे भरून आले होते. "शेवटचं स्थानक आहे. सगळ्यांनी उतरायचं असतं... तूही."

तू! ती उतरली. त्याच्या हातातला दिवा घेतला. तिने त्याची बोटं घट्ट धरली. "आवडतोस तू मला. कळलं? शिंकतोस, तरीही."

"मला तर तुझी घोषणा ऐकली तेव्हापासून..."

"हाच का गं तो शिंकणारा?" मागून आईचा आवाज आला.

"हो, आई," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

"आई म्हणाला का? बरं, बरं," म्हणत आई हसत जिन्याकडे निघाली.

सिग्नल हिरवा झाला. ती धावत केबिनमध्ये शिरली. तो पहिल्या डब्यात चढला आणि सगळ्यांदेखत, अगदी खिडकीपाशी बसला.